झाडाभोवतीचं डालं

खांडबाऱ्यात आणि आसपासच्या पाड्यांवर पशुवैद्य म्हणून माझी वीस वर्षं गेली. एवढ्या वर्षांत हाताखालून गेलेली जनावरं मोजता येणार नाहीत, पण एक पिल्लू मनातून जात नाही. ते माझ्यामुळे मेलं असं म्हणणं खरं होणार नाही. त्याला वाचायची जी संधी होती, ती मात्र माझ्यामुळे गेली. त्याबद्दल लिहायचं तीन वर्षं टाळलं. आता लिहितो, कारण डिसेंबर लागला की अजूनही अशी पिल्लं येतात आणि त्यांच्या घरच्यांना आधी कुणी काही सांगितलेलं नसतं.

आमच्याकडचं काम म्हणजे बैल, गाई, शेळ्या आणि कोंबड्या. पावसाळ्याआधी घटसर्प आणि फऱ्याच्या लसी, पुढे लाळ्या-खुरकूत, शेळ्यांना पीपीआर. २००६च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्याच नवापूरला निघाला, तेव्हा मी नवखा होतो. पोल्ट्रीच्या शेडमधली ती शांतता अजून कानात आहे. अशा कामात नजर कळपाची होते. एक जनावर मलूल दिसलं की मनात पहिला प्रश्न येतो, साथ कोणती? ही सवय चांगली आहे, तिनं पुष्कळ दावणी वाचवल्या आहेत. २०२२ साली लम्पी आला तेव्हा तर पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत आम्ही दुसरं काही पाहिलंच नाही. अंगभर गाठी आलेल्या गाई, सुजलेले पाय, लसीचे डबे, आणि गोठ्यात उकिडवे बसलेले मालक. डिसेंबरमध्ये साथ ओसरली तेव्हा मी शरीरानं मोकळा झालो होतो, डोक्यानं नाही.

कुत्रं इथे पिढ्यान् पिढ्या दाराबाहेरचं. शेतातल्या झोपडीवर राखणीला, नाहीतर ओट्यावर. मालकाच्या ताटातली उरलेली भाकरी आणि मालकाच्या चुलीजवळची ऊब एवढाच त्याचा घराशी संबंध. माझ्याकडे यायचं ते रेबीजच्या लसीला, खरजेला, किंवा रानडुकरानं फाडलं म्हणून. २०२०च्या टाळेबंदीत हे बदललं. शाळा बंद, मुलं घरात, आणि मुलांच्या हट्टानं पिल्लंही घरात. शिक्षक, रेल्वेतले लोक, बँकेतले लोक यांच्या पक्क्या घरांत फरशीवर पिल्लं लोळू लागली.

नवापूर तालुक्यात ख्रिस्ती आदिवासी कुटुंबं पुष्कळ आहेत. चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय १९४२ सालचं, त्याच्याही आधीपासून या पट्ट्यात प्रार्थनाघरं आहेत. डिसेंबरात तूर शेंगेवर आलेली असते, भाताची मळणी उरकलेली असते, आणि घरांवर बांबूच्या कामट्यांच्या, पतंगी कागदाच्या चांदण्या चढतात. चांदणी दारावर आणि झाड प्रार्थनाघरात, अशी माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली रीत. गेल्या काही वर्षांत झाडही घरात आलं. सुरतेच्या बाजारातून घडीचं, हिरव्या प्लास्टिकच्या पात्यांचं झाड येतं. सोबत चमकीच्या माळा, रंगीत गोळे आणि लाइटिंग.

म्हणजे झाड आणि कुत्रं, दोघांनीही उंबरठा जवळपास एकाच काळात ओलांडला. हे माझ्या लक्षात आलं ते फार उशिरा.

असंच झाड आणि कुत्रं दोन्ही असलेलं एक घर मास्तरांचं, स्टेशनच्या बाजूला. मास्तर, त्यांच्या पत्नी, सहावीतली मुलगी आणि मास्तरांची आई. त्यांचा मोत्या साडेतीन-चार महिन्यांचा होता. गावठीच, पिवळसर, एक कान उभा आणि एक पडलेला. २०२२च्या त्याच डिसेंबरात, २१ तारखेला सकाळी मुलगी आणि मास्तर त्याला पोत्यात गुंडाळून घेऊन आले. कालपासून ओकतोय, खात नाही, कोपऱ्यात बसतो.

मी विचारलं, ‘‘लसी?’’

‘‘एक झाली सर. दुसरी राहिली.’’

तेवढ्यावर मी मनात पार्व्हो लिहून टाकला. लोक त्याला गॅस्ट्रो म्हणतात. त्या पंधरवड्यात चार पिल्लं गॅस्ट्रोनं आली होती, दोन गेली होती. लसी अर्धवट झालेलं, ओकणारं, चार महिन्यांच्या आतलं पिल्लू, साथ चालू, दुसरं काय असणार? मी सलाईन लावलं, उलटी थांबायचं इंजेक्शन दिलं, अँटिबायोटिक दिलं आणि उद्या आणा म्हटलं.

न जुळणाऱ्या गोष्टी माझ्या समोर होत्या. त्याला ताप नव्हता. जुलाब नव्हते, रक्त तर नव्हतंच. पोटाला हात लावला की तो पाठीची कमान करत होता. पार्व्होची तपासणीची पट्टी माझ्या कपाटात होती, दहा मिनिटांत उत्तर देते. मी ती काढली नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, गाईच्या बाबतीत जो प्रश्न माझ्या तोंडातून आपोआप निघतो, तो मी विचारला नाही. पोट फुगलेली गाय आली की मी विचारतोच, प्लास्टिक खाल्लंय का, तार, खिळा, सुतळी? गाईच्या पोटातून घमेलंभर पिशव्या मी स्वतःच्या हातानं काढल्या आहेत. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आमच्या सरांनी तर घोकून घेतलं होतं की जनावर काय खातं यापेक्षा त्याला काय खायला मिळू शकतं ते विचारा. पिल्लाच्या बाबतीत मी लसीवर थांबलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्तरांचा फोन आला. मी घरी गेलो. पुढच्या खोलीत खिडकीशी चार फुटी झाड उभं होतं, लाइटिंग लुकलुकत होती, आणि त्या झाडाच्या बुडाशी, थंड फरशीवर, मोत्या पोट टेकून पडला होता. मी त्याची शेपटी उचलली. गुदद्वाराशी बोटाच्या पेराएवढं काहीतरी रुपेरी चमकत होतं.

मुलगी माझ्या खांद्यावरून पाहत होती. ती म्हणाली, ‘‘सर, ती झाडाची आहे.’’

मास्तरांनी ते चिमटीत धरायला हात पुढे केला. मी तो हात घट्ट धरला. हे इथेच सांगतो, कारण हात प्रत्येकाचा पुढे होतो. दोरा, चमकी, सुतळी, साडीचा काठ, काहीही लोंबताना दिसलं तरी ओढायचं नाही. चमकीची माळ लांब असते. तिचं एक टोक जठराच्या तोंडाशी गुंतून अडकतं आणि बाकीची माळ आतड्याच्या हालचालीनं पुढे पुढे जात राहते. आतडं तिला ढकलायला जातं आणि स्वतःच तिच्यावर चढत जातं. परकराची नाडी ओढली की नेफ्यात कशा चुण्या पडतात, तशा चुण्या आतड्याला पडतात. आणि ती ताणलेली माळ चुण्यांच्या आतल्या वळणांवर घासत राहते, अगदी करवतीसारखी. बाहेरून ओढलं तर एका हिसक्यात आतडं चिरतं.

मी त्याच्या पोटावर दोन्ही हात ठेवले. सगळं आतडं एका बाजूला गोळा झालं होतं, बोटांना चुण्या चक्क मोजता येत होत्या. आदल्या दिवशी हेच हात याच पोटावर होते. तेव्हा ते घाईत होते.

रात्री नऊला भूल दिली. गावात एक्स-रे नव्हता, आणि त्या अवस्थेत त्याला घेऊन प्रवास करण्यात अर्थ नव्हता. माझा मदतनीस आणि मास्तर, दोघंही उभे राहिले. मास्तरांनी टॉर्च धरला आणि चार तास तो हलू दिला नाही. जठर उघडून मी अडकलेलं टोक सोडवलं. मग आतड्याला दोन ठिकाणी चीर देऊन माळ तुकड्या-तुकड्यांनी काढली. ताटात ठेवलेली ती माळ कोपरापासून बोटांपर्यंत भरली. रंग बऱ्याच ठिकाणी उडाला होता, नुसता चिवट दोरा आणि त्याला चिकटलेली पाती. तिसऱ्या वळणावर आतडं फाटलेलं सापडलं. भोक ज्वारीच्या दाण्याएवढं, पण त्यातून पोटात घाण पसरली होती. मी पोट कोमट सलाईननं धुतलं, धुतलं आणि परत धुतलं. टाके घातले. ते भोक केव्हा पडलं, २१ला की २२ला, हे मला कधीच कळणार नाही.

मोत्या शुद्धीवर आला. २३ला दिवसभर त्यानं डोळे उघडे ठेवले, मुलीचा हात चाटला. २४ला पहाटे गेला.

मी मास्तरांना सांगितलं, ‘‘मास्तर, पहिल्या दिवशी मी नीट तपासलं असतं तर वेळ हातात होती. एक दिवस माझ्यामुळे गेला.’’ ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘चमकी आम्ही लावली होती, सर.’’ त्या रात्री मंडळीतली मुलं गाणी म्हणत घरोघर फिरली. मास्तरांच्या दारात ती आली तेव्हा मुलीनं झाडावरची सगळी चमकी उतरवून कागदाच्या पिशवीत भरून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी दर वर्षीप्रमाणे माझ्या घरी त्यांच्याकडून डबा आला. करंज्या, शंकरपाळ्या आणि केकचे दोन तुकडे. तो डबा उघडायला मला संध्याकाळ झाली.

त्यानंतर मी घरात कुत्रं असलेल्या माणसांशी वेगळं बोलू लागलो. पिल्लू जग तोंडानं ओळखतं. तीन-साडेतीन महिन्यांनंतर त्याचे दूधदात हलायला लागतात, सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे दात येतात, आणि त्या काळात हिरड्या अशा शिवशिवतात की खुर्चीचा पाय, चप्पल, झाडूचा बुंधा, काहीही चालतं. घरातल्या जुन्या वस्तू त्यानं एव्हाना चाखून सोडलेल्या असतात. मग एका संध्याकाळी घरात झाड उगवतं! जमिनीलगत फांद्या, हलणारे, चकाकणारे, गोल गोल गोळे, आणि घरची सगळी माणसं त्याच्याभोवती आनंदानं जमलेली. पिल्लानं तिथे जाऊ नये अशी अपेक्षा करणं हा त्याच्यावर अन्याय आहे. ओरडल्यानं, फटका मारल्यानं ते एवढंच शिकतं की माणूस समोर असताना जायचं नाही.

चमकी हे एकच संकट नाही. पुढच्याच महिन्यात विसरवाडीकडून एक पिल्लू आलं, त्यानं लाइटिंगची वायर चावली होती. स्वस्तातल्या पुष्कळ माळा थेट २३० व्होल्टवर चालतात. मधे वीज कमी करणारं काही नसतं. जिभेवर आणि ओठाच्या कोपऱ्यात पांढुरका भाजल्याचा डाग होता, बाकी पिल्लू उड्या मारत होतं. मालक परत निघाले होते. मी थांबवून घेतलं. विजेच्या झटक्यानंतर फुप्फुसात पाणी भरू शकतं, आणि ते लगेच भरतं असं नाही, काही तासांनी भरतं. दुपारपर्यंत त्याचा श्वास खरखरू लागला. औषधं वेळेवर मिळाली म्हणून ते वाचलं. घरी गेलं असतं तर रात्रीच मेलं असतं, आणि सकाळी ठणठणीत होतं ते एकाएकी कसं गेलं याचं घरच्यांना कायमचं कोडं राहिलं असतं. झाडाखाली ठेवलेल्या चॉकलेटचं आणि मनुका घातलेल्या केकचंही तसंच. मनुका किती खाल्ल्या म्हणजे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होतील याचं माप नाही, एखाद्याला ओंजळभर पचतात, एखाद्याला थोड्याच भोवतात. म्हणून वाट बघायची नाही, खाल्लं असं कळताक्षणी डॉक्टर गाठायचा.

२०२३च्या डिसेंबरात मास्तरांचा फोन आला. घरात नवं पिल्लू होतं, काळं, तीन महिन्यांचं. मुलीनं त्याचं नावही मोत्याच ठेवलं होतं. मास्तर म्हणाले, ‘‘सर, यंदा झाड लावायच्या आधी तुम्ही या.’’ आजवर मला आजारी जनावरासाठी बोलावणी आली, विण्यासाठी आली, शवविच्छेदनासाठीही आली. सणाची तयारी करायला कुणी बोलावलं नव्हतं.

आम्ही झाड उघडलं आणि काही न लावता तसंच उभं केलं. आठवडाभर असंच ठेवा म्हटलं, पिल्लाला हुंगू दे, कंटाळू दे. शेंडा खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधला. वायर मागून, पीव्हीसीच्या पट्टीतून नेली, आणि रात्री झोपताना लाइटिंगचा पिन काढायची जबाबदारी मुलीनं घेतली. खालच्या फांद्या रिकाम्या सोडायच्या, चमकी नाही, काचेचे गोळे नाहीत. मुलगी जरा हिरमुसली. ‘‘मग लावायचं काय?’’

मास्तरांच्या आई पलंगावर बसून ऐकत होत्या. त्या मावची बोलीतून बोलतात, मला निम्मं कळतं, निम्मं सूनबाई सांगतात. त्या म्हणाल्या, आमच्या लहानपणी बांबूच्या काठीला हिरव्या डहाळ्या बांधायचे आणि कागदाच्या साखळ्या, मक्याच्या लाह्यांच्या माळा घालायचे; नाताळ झाला की लाह्या कोंबड्या खायच्या. तेव्हा झाडावर असं काही नसायचंच जे जनावराच्या पोटात गेलं तर मरेल. मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. वाचलेलं आठवलं: १८४८ साली लंडनच्या एका साप्ताहिकात राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं सजवलेल्या झाडाभोवतीचं चित्र छापून आलं आणि जर्मन घरांतली रीत इंग्लंडभर पसरली, तेव्हा झाडावर मेणबत्त्या असत. त्या काळच्या माणसांना आगीची धास्ती, म्हणून झाडाजवळ राखण असे. आपल्या झाडावर आग दिसत नाही, म्हणून राखण नाही.

लाह्यांच्या माळेचा दोरा आतड्यासाठी चमकीइतकाच वाईट, हे मला सांगावं लागलं. म्हणून कागदाच्या साखळ्या ठरल्या, त्याही वरच्या फांद्यांना. मुलगी जुन्या वहीची पानं रंगवायला बसली.

तरी माझं समाधान होत नव्हतं. झाडाची बैठक हलकी होती, पिल्लू धडकलं तर सुतळी किती धरणार? आजी उठल्या, मागच्या अंगणात गेल्या आणि कोंबड्या झाकायचं मोठं डालं घेऊन आल्या. त्याचा वरचा भाग कुजून गळाला होता, बांबूच्या विणीचा नुसता कमरेइतका घेर उरला होता. शेंड्याची सुतळी क्षणभर सोडून त्यांनी तो घेर झाडाच्या शेंड्यावरून खाली सोडला. बुडाशी नेमका बसला. मग पाट्याचा एक फुटका तुकडा बैठकीवर ठेवला. झाडाच्या खालच्या सगळ्या फांद्या डाल्यात, वरची हिरवी टोकं बाहेर. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं. मोत्यानं डाल्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, विणीत नाक खुपसलं, आणि एक कामटी चावायला बसला. चावू दे म्हटलं, वर लक्ष तेवढं ठेवा, कामटीची फोड निघाली तर काढून टाका, आणि त्याला रोज थंड गाजर द्या.

त्या नाताळात मी मास्तरांकडे जेवायला गेलो होतो. घरात पंधरा-वीस माणसं, मुलं झाडाजवळ खेळत होती, मोत्या डाल्याला पाठ लावून झोपला होता. सूनबाईंनी केक ठेवला होता तो लोखंडी कपाटाच्या वर.

नवीन वर्ष लागल्यावर साधारण आठवड्यानं मुलगी एकटीच माझ्याकडे आली. सायकल भिंतीला टेकवली आणि खिशातून काडेपेटी काढून टेबलावर ठेवली. चेहरा उतरलेला. झाड उतरवताना डालं उचललं, म्हणाली, आणि विणीत हे अडकलं होतं.

काडेपेटीत तांदळाच्या दाण्याएवढा, टोकदार, पांढरा दात होता.

‘‘सर, त्याला काही झालंय का?’’

मी तो दात तळहातावर घेतला. मूळ जवळजवळ विरघळून गेलेलं, जसं असायला हवं तसं. ‘‘काही नाही झालं,’’ मी म्हटलं. ‘‘दूधदात आहे. वेळेवर पडलाय.’’

‘‘अजून पडतील?’’

‘‘एकूण अठ्ठावीस असतात. हा एक गेला.’’

तिनं मनात हिशेब केला, दात परत काडेपेटीत ठेवला आणि विचारलं, ‘‘मग सत्तावीस होईपर्यंत डालं घरातच ठेवू का?’’

‘‘ठेव,’’ मी म्हटलं. ‘‘आजीला विचार मात्र.’’